शिपयार्डसाठी कंत्राटी भरती: मागणी आल्यापासून माणसं परत जाईपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करायचं

यार्डाकडून मागणी येते ती साधारण अशीच येते: "४० वेल्डर, २० फिटर, १० ग्राइंडर, लगेच पाहिजेत." आणि भरती बघणारा माणूस लगेच फोन फिरवायला बसतो. पुढचं सगळ्यांना माहितीये. टेस्टला निम्मी माणसं नापास, उरलेली मेडिकलच्या एका कागदासाठी गेटबाहेर, आणि जी आत पोचली ती स्कॅफोल्डिंग झालं नाही म्हणून बसून, तरी पगार चालू. मग यार्ड म्हणतं माणसं बेकार आहेत आणि एजन्सी म्हणते यार्डाला प्लॅनिंग येत नाही. खरं बघायला गेलं तर बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो, म्हणून हा लेख क्रमानेच लिहिलाय. कंत्राटी कामगारांचे कायदे आणि लायसन्स प्रत्येक देशात वेगळे असतात, ते तिथल्या जाणकाराकडून घ्या. इथे सगळीकडे लागू पडतं तेवढंच आहे.

१. माणूस यार्डाचा की जहाजाचा, हे आधी ठरवा

"मरीन" म्हटलं की लोक सगळं एकाच फाइलमध्ये कोंबतात. बोसन, मोटरमन, थर्ड इंजिनिअर हे जहाजावर नोकरी करणारे, म्हणजे सीफेअरर. प्लेट फिटर, वेल्डर, पाइप फिटर, रिगर (क्रेनला माल बांधणारा), स्कॅफोल्डर (मचाण बांधणारा), ब्लास्टर (ग्रिटच्या माऱ्याने गंज काढणारा), पेंटर ही यार्डाची माणसं. दोघांचे कागद वेगळे, करार वेगळा, मेडिकलसुद्धा वेगळं.

सीफेअररला एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) सर्टिफिकेटं लागतात आणि त्याच्या भरतीला एमएलसी २००६ (खलाशांच्या नोकरीच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतं, जे २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आहे. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. त्याने स्वतःच्या खिशातून करायचा खर्च म्हणजे कायद्याने लागणारं मेडिकल सर्टिफिकेट, सीफेअरर बुक, आणि पासपोर्टसारखे प्रवासाचे कागद, बस. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. यार्डाच्या कामगारांसाठी आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) १९९७ चं कन्व्हेन्शन १८१ हेच तत्त्व सांगतं, ते ज्या देशांनी स्वीकारलंय तिथे.

अडचण होते ती मधल्या माणसांची. रायडिंग स्क्वॉड म्हणजे जहाज चालू असताना त्यावर जाऊन दुरुस्ती करणारी टीम, ही धड यार्डाची नाही आणि धड क्रूही नाही. त्यांना सीफेअरर धरायचं का हे जहाजमालक आणि फ्लॅग स्टेटकडून (जहाजाची नोंदणी असलेला देश) लेखी घ्या, भरती सुरू करायच्या आधी. सी ट्रायलचंही (नवं जहाज समुद्रात नेऊन केलेली चाचणी) तसंच. ट्रायलला जहाजावर किती माणसं चढू शकतात हे लाइफबोट-लाइफराफ्टच्या क्षमतेवर ठरतं, त्यामुळे "आमचे सगळे कमिशनिंगवाले (यंत्रणा चालू करून तपासणारे) जातील" असं गृहीत धरून नावं देऊ नका.

> तपासा: मागणीतल्या प्रत्येक पदापुढे "यार्ड", "क्रू" किंवा "विचारायचंय" असं लिहिलंय का? "विचारायचंय" उरलं असेल तर पुढे जाऊ नका.

यापुढचा लेख मुख्यतः यार्डाच्या माणसांबद्दल आहे, कारण घोळ तिथे जास्त होतो.

२. आकडा घेऊ नका, शेड्यूल मागा

४० वेल्डर हा आकडा कुठून आला ते विचारा. बरेचदा मागच्या प्रोजेक्टच्या शीटमधून कॉपी केलेला असतो.

नवीन जहाजात कामाची लाट ट्रेडप्रमाणे सरकते. आधी प्लेट कटिंग, सब-असेंब्ली, ब्लॉक (जहाजाचे नंतर एकमेकांना जोडायचे मोठे तुकडे), म्हणजे फिटर-वेल्डर-ग्राइंडर. ब्लॉक इरेक्शन सुरू झालं की पोझिशन वेल्डर आणि रिगर वाढतात, कारण शॉपमध्ये ब्लॉक उलटा करून सपाट वेल्डिंग करता येतं, डॉकमध्ये उभं नाहीतर डोक्यावर करावं लागतं. मग पाइप, मग केबल ओढणं, मग टर्मिनेशन (केबलची टोकं जोडणं) आणि कमिशनिंग. पेंट सगळ्यांच्या मधे मधे. तेव्हा तुम्हाला लागतो ब्लॉकवार, आठवडावार प्लॅन आणि त्यात प्रत्येक ट्रेडचे मॅन-अवर्स. यार्डाकडे तो असतो, फक्त पर्चेसवाल्याकडे नसतो, प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये जाऊन बसावं लागतं.

दुरुस्तीचं गणित वेगळं. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मालवाहू जहाजाच्या तळाची तपासणी पाच वर्षांत दोनदा होते आणि दोन्हींमधलं अंतर ३६ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे डॉकिंग साधारण कधी येणार हे आधीच माहीत असतं. पण काम किती निघेल हे टाकीतला गंज ब्लास्ट करून काढल्यावर, प्लेटची जाडी मोजून झाल्यावर कळतं, आणि स्टील रिन्यूअल (झिजलेल्या प्लेट बदलणं) वाढतंच वाढतं. म्हणून रिपेअरसाठी दोन याद्या ठेवा: एक पहिल्या दिवसापासूनची, दुसरी "बोलावलं की इतक्या दिवसांत येतील" अशी, टेस्ट आणि कागद आधीच पूर्ण करून ठेवलेली.

अजून एक गोष्ट, जी यार्ड स्वतःहून सांगत नाही. स्टीलला उशीर झाला तरी डिलिव्हरीची तारीख हलत नाही, मग शेवटच्या महिन्यांत सगळे ट्रेड एकाच कंपार्टमेंटमध्ये घुसवायला बघतात. डबल बॉटम टँकमध्ये (जहाजाच्या दुहेरी तळामधली टाकी) मॅनहोलमधून वाकून जायचं असतं, तिथे माणसं मावतात ती मोजकी, आणि शेजारी सॉल्व्हंटचं पेंट चालू असेल तर हॉट वर्कचं (वेल्डिंग-कटिंगसारखं ठिणग्यांचं काम) परमिट मिळत नाही. अशा वेळी "अजून ३० माणसं द्या" ला लगेच हो म्हणू नका. काम करायला जागा आहे का, हे विचारा. नसेल तर ती ३० माणसं बसून राहणार आणि आयडल टाइमचं बिल कुणी भरायचं यावर तुमचंच भांडण होणार.

> चूक: फक्त वेल्डर मोजणं. वेल्डरमागे फिटर, ग्राइंडर, स्कॅफोल्डर, आगीवर नजर ठेवणारा फायर वॉच आणि टँकच्या तोंडाशी उभा राहणारा होल वॉच लागतो. ही माणसं यार्ड देणार की तुम्ही, हे आत्ताच ठरवा.

३. मागणीपत्रक स्वतः लिहा आणि यार्डाकडून सही घ्या

यार्डाच्या ईमेलवर भरती करू नका. प्रत्येक ट्रेडसाठी एक पान करा. वेल्डर असेल तर प्रोसेस कोणती, पोझिशन कोणती, जाडी किती ते किती, बॅकिंगसह (जोडाच्या मागे लावायचा आधार) की बॅकिंगशिवाय, कोणत्या स्टँडर्डवर टेस्ट, आणि क्लास सोसायटी (जहाजाचं बांधकाम तपासून प्रमाणित करणारी संस्था) कोणती. डीएनव्ही, एबीएस, लॉइड्स रजिस्टर, क्लासएनके, ज्याच्या क्लासमध्ये जहाज बनतंय त्याचा सर्व्हेअर कोणती टेस्ट मान्य करतो हे यार्डाच्या वेल्डिंग इंजिनिअरकडून लेखी घ्या.

पेंटिंगमध्ये हमखास राहून जाणारं पद म्हणजे कोटिंग इन्स्पेक्टर. बॅलास्ट टँकच्या (समतोलासाठी समुद्राचं पाणी भरायची टाकी) कोटिंगला आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) पीएसपीसी हे कोटिंगचं स्टँडर्ड लागतं तिथे इन्स्पेक्टर नेस लेव्हल २ किंवा फ्रोसिओ लेव्हल ३ (दोन्ही कोटिंग इन्स्पेक्टरची सर्टिफिकेटं) किंवा त्याच्या बरोबरीचा लागतो, "पंधरा वर्षं पेंटिंगचा अनुभव" चालत नाही. एनडीटीवाला (वस्तू न तोडता दोष शोधणारा) असेल तर आयएसओ ९७१२ किंवा यार्ड म्हणेल ती स्कीम, कोणती पद्धत आणि कोणती लेव्हल. नुसतं "एनडीटी टेक्निशियन" लिहिलंत तर एमटी-पीटीवाले (चुंबकाने किंवा रंगद्रवाने वरच्या भेगा शोधणारे) येतील आणि काम अल्ट्रासॉनिकचं असेल.

४. माणसं शोधायच्या आधी यार्डाशी पैशाचं बोलून घ्या

हे उलट्या क्रमाने करणारे खूप आहेत. माणसं गोळा झाल्यावर रेट बोलायला गेलात की तुमची मान अडकलेली असते. करारात हे मुद्दे नसतील तर थांबा:

- बिल मॅन-अवरवर, की कामाच्या मापावर म्हणजे मीटर, टन, चौरस मीटरवर
- पाऊस, वारा, क्रेन नाही, परमिट नाही, अशा आयडल टाइमचे तास कोण सही करणार आणि किती टक्के दराने
- टेस्टला नापास झालेल्या माणसाचा येण्याजाण्याचा खर्च कुणाचा
- रिपेअर निघालं तर फिरून वेल्डिंगचे तास कुणाच्या डोक्यावर
- हेल्मेट-बूट-हार्नेस, वेल्डिंग मशीन, होल्डर, केबल, ग्राइंडर कुणाचे
- राहणं, जेवण, रोजची ने-आण
- काम लवकर संपलं किंवा जहाजाचं काम थांबलं तर नोटीस किती दिवसांची

रिपेअरच्या मुद्द्यावर जरा भांडा. वेल्ड खराब होण्यामागे वेल्डर असतो तसं ओलं इलेक्ट्रोड, चुकीचा गॅप, वाऱ्यात उडालेला शील्डिंग गॅस हेही असतं, आणि ते बहुतेक वेळा यार्डाच्या हातात असतं.

५. सर्टिफिकेट वाचायला शिका, मोजायला नाही

सीव्हीबरोबर पाच-सहा सर्टिफिकेटं जोडलेली असतात आणि बघणारा फक्त तारीख बघतो. एक उदाहरण घेऊ. सर्टिफिकेटवर वेल्डर टेस्टच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची अशी ओळ आहे: आयएसओ ९६०६-१, १३६ पी बीडब्ल्यू एफएम१ पी एस१० पीएफ एसएस एमबी.

१३६ म्हणजे फ्लक्स कोअर्ड वायर. पहिला पी म्हणजे प्लेट, बीडब्ल्यू म्हणजे बट वेल्ड (दोन कडा समोरासमोर जोडणं), एफएम१ हा फिलर मटेरिअलचा गट, दुसरा पी हा वायरच्या फ्लक्सचा प्रकार. एस१० म्हणजे वेल्ड मेटलची जाडी १० मिमी, पीएफ म्हणजे उभं, खालून वर. एसएस म्हणजे एका बाजूने, एमबी म्हणजे बॅकिंग लावून, यार्डात बहुतेक सिरॅमिक.

आता हा माणूस काय काय करू शकत नाही ते बघा. १० मिमीवर पास झालाय, म्हणजे बट वेल्डला ३ ते २० मिमीपर्यंतच चालेल. टेस्ट १२ मिमी किंवा त्याच्यावर दिली असती तर ३ मिमीपासून वर सगळं मोकळं होतं. तुमच्या ब्लॉकच्या तळाची प्लेट २२ ची असेल तर हा उपयोगाचा नाही. पीएफ आहे, पीई नाही, म्हणजे डोक्यावरचं काम नाही. एमबी आहे, त्यामुळे बॅकिंगशिवायचं रूट (जोडाचा पहिला, तळाचा थर) त्याच्याकडून करून घेता येणार नाही. उलट बॅकिंगशिवाय पास झालेल्याला बॅकिंगचं काम चालतं. आणि बट वेल्ड पास म्हणून फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यातला जोड) आपोआप पास, असं या स्टँडर्डमध्ये नाही. जहाजात फिलेट तर मैलोन्‌मैल असतं!

दुसरं, सर्टिफिकेट जिवंत आहे का? दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाची सही लागते की हा वेल्डर या कक्षेतलं काम करत होता. सही नाही तर कागद मेला. पुढच्या मुदतीचे तीन मार्ग आहेत आणि कोणता निवडलाय ते सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं: ९.३ ए म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा टेस्ट, ९.३ बी म्हणजे दोन-दोन वर्षांनी केलेल्या कामाच्या तपासणीवर वाढ, आणि ९.३ सी म्हणजे अटी पाळल्या तर चालूच. कंत्राटी भरतीत खड्डा आहे तो सी मध्ये, कारण त्यातली एक अट अशी की वेल्डर त्याच उत्पादकाकडे काम करत असला पाहिजे ज्याच्यासाठी तो पास झाला. माणूस दुसऱ्या यार्डात आला की ती सवलत गेली. तरी लोक "सी आहे, संपत नाही" म्हणून खुशाल पाठवून देतात.

> तपासा: सर्टिफिकेटवरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे का? सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला नंबर पाठवून खात्री केली का? ईमेलचा पत्ता उमेदवाराने दिलेला वापरू नका, संस्थेचा स्वतः शोधा.

६. ट्रेड टेस्ट: इथे घाई केलीत तर पुढे दुप्पट भराल

टेस्ट दोनदा घ्या. एकदा माणूस निघायच्या आधी तुमच्याकडे, एकदा यार्डात क्लास सोसायटी किंवा यार्डाच्या क्यूसीसमोर (गुणवत्ता तपासणारे). पहिली टेस्ट तुमच्या पैशाने होते म्हणून लोक टाळतात, आणि मग तिकीट काढून नापास माणूस पाठवतात.

वेल्डरची टेस्ट कशी बघायची? नुसतं तयार झालेलं कूपन (टेस्टचा तुकडा) बघू नका, तो काम कसं करतो ते बघा. प्लेट हातात दिल्यावर आधी कडा ग्राइंड करून मिल स्केल (स्टीलवरचा काळा थर) काढतो का, की तसाच टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारतो. रूट गॅप डोळ्याने धरतो की फीलर गेजने (फट मोजायची पट्टी). डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं ते लिहिलेला कागद) मागतो का. जो डब्ल्यूपीएस न मागता मशीनचा करंट फिरवायला लागतो त्याच्याबद्दल माझं मत तिथेच निम्मं होतं. मग स्टॉप-रीस्टार्ट. स्टँडर्डप्रमाणे रूटमध्ये आणि कॅपमध्ये (सगळ्यात वरचा थर) निदान एक थांबा घेऊन पुन्हा सुरू करावं लागतं, आणि ती जागा खूण करायची असते. चांगला वेल्डर थांबलेला खड्डा ग्राइंडरने उतरता करतो आणि थोडा मागून आर्क धरतो. कच्चा माणूस तिथेच आर्क मारतो आणि त्याच जागी पोरॉसिटी (बारीक पोकळ्या) किंवा लॅक ऑफ फ्यूजन (धातू नीट न मिसळणं) निघतं. पीस वाकवून बघितला की तो जोड बरोबर तिथेच उघडतो.

जागाही खरी द्या. टेबलावर आरामात सगळेच छान करतात. उभी प्लेट गुडघ्याच्या उंचीवर लावा, नाहीतर एका बाजूला आडोसा लावून हात अडखळेल असं करा, कारण टँकमध्ये स्टिफनरच्या मधे असंच बसावं लागतं.

फिटरची टेस्ट लोक घेतच नाहीत, तोंडी दोन प्रश्न विचारून पास करतात. हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. फिटरने गॅप ५ मिमीचा १० केला की त्याच्यामागचा वेल्डर दुप्पट वेळ खातो आणि डिस्टॉर्शन (प्लेट वाकडी होणं) येतं ते वेगळं. त्याला ड्रॉइंग द्या, फ्रेम नंबर विचारा, पोर्ट-स्टारबोर्ड, फॉरवर्ड-आफ्ट दाखवायला सांगा, एक ब्रॅकेट मार्क करून टॅक करायला लावा. स्कॅफोल्डरला एक छोटी बे उभारायला आणि टॅग लावायला सांगा. रिगरला स्लिंग तपासायला द्या, एक खराब स्लिंग मुद्दाम मधे ठेवा. इलेक्ट्रिशियनला केबलचा ग्लँड बसवायला सांगा.

> चूक: टेस्टच्या दिवशी सेंटरवर गर्दी करणं. एका बूथवर एक माणूस, चेहरा फोटो ओळखपत्राशी जुळवून, प्रत्येक कूपनवर नंबरचा ठसा वेल्डिंग सुरू व्हायच्या आधी. ठसा नंतर मारलात तर कुणाचं कूपन कुणाच्या नावावर गेलं हे कळणार नाही.

७. करार, मग मेडिकल, मग व्हिसा, मग तिकीट

टेस्ट पास झाल्यावर पहिलं काम कराराचं. कामगाराला समजेल अशा भाषेत, मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा मोजणार, कापणार काय काय, जेवण-राहणं कुणाचं, मुदत किती, मधेच काम संपलं तर काय. हे त्याने चालू नोकरी सोडायच्या आधी वाचलेलं पाहिजे. विमानतळावर सही घेणारे आहेत, आणि तिथे पोचल्यावर दुसराच करार पुढे करणारेही आहेत. पहिल्या महिन्यात निम्मी टीम पळून जाते ती यामुळेच. पासपोर्ट काढून ठेवायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही.

मेडिकल कामाप्रमाणे ठरवा. ब्लास्टर आणि पेंटरची फुप्फुसाची क्षमता तपासा, दमा असेल तर आयसोसायनेट हे रसायन असलेल्या पेंटजवळ पाठवू नका. इलेक्ट्रिशियनला रंग ओळखता येतात का बघा. उंचीवर जाणाऱ्याला चक्कर, फिट्स यांचा इतिहास विचारा. आणि सगळ्यांची ऐकण्याची चाचणी सुरुवातीलाच करून ठेवा, शिपयार्डचा आवाज भयंकर असतो, नंतर वाद झाला तर आधीचा रिपोर्ट हाताशी लागतो. क्रूचं मेडिकल मात्र एमएलसी-एसटीसीडब्ल्यूच्या नियमाने, त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि १८ च्या आतल्याला एक वर्ष. चालू करार संपायच्या आधी ती संपतेय का बघा.

तिकीट सगळ्यात शेवटी, आणि एकदम ७० माणसांचं नाही. गेट पास आणि इंडक्शनमध्ये यार्ड रोज किती माणसं घेतं ते विचारून तेवढ्याच तुकड्या करा.

८. पहिले दोन-तीन दिवस

माणूस पोचला की लगेच कामावर, हा हट्ट सोडा. इंडक्शन, हॉट वर्क परमिट, उंचीवरचं काम आणि बंदिस्त जागा, एवढं झाल्याशिवाय टँकमध्ये कुणी उतरायचं नाही.

बंदिस्त जागेबद्दल जरा थांबून सांगतो. साध्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. बंद टाकीत गंज स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे रिकामी, स्वच्छ दिसणारी टाकीसुद्धा मारू शकते. उलटं पण होतं, रात्री गॅस कटिंगचा होज आत तसाच राहिला आणि गळला तर ऑक्सिजन वाढतो आणि सकाळच्या पहिल्या ठिणगीला कपडे पेटतात. नवीन आलेल्या माणसाला तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात: आजचं गॅस टेस्टचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय आत नाही, जेवायला जाताना होज बाहेर, आणि आतला माणूस पडला तर स्वतः आत उडी मारायची नाही, होल वॉचने अलार्म द्यायचा. मदतीला धावलेला दुसरा माणूस मरतो असे अपघात जहाजांवर वारंवार झालेत.

हे सगळं त्याच्या भाषेत समजावलं गेलं का बघा. सही घेतली म्हणजे समजलं असं नाही. दोन प्रश्न विचारा, उत्तर त्याला देऊ द्या.

९. काम चालू असताना

टाइमशीट रोजच्या रोज यार्डाच्या फोरमनकडून सही करून घ्या. आठवड्याची एकदम नेलीत की "त्या दिवशी ही माणसं नव्हतीच" हे ऐकावं लागतं. आयडल टाइमच्या नोंदीत कारण, ब्लॉक नंबर आणि वेळ लिहा.

वेल्डरवार रिपेअरचा हिशोब ठेवा. एखाद्याचा रिपेअर अचानक वाढला तर त्याला काढायच्या आधी दोन गोष्टी बघा, पोझिशन बदललीये का आणि सलग किती रात्री तो कामावर आहे. डिलिव्हरी जवळ आली की ओव्हरटाइम बेसुमार होतो. क्रूसाठी तर नियमच आहे, २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती. यार्डाच्या माणसांना त्या देशाचा कायदा लागू, पण मचाणावर झोपेत चालणारा माणूस कुठल्याही कायद्यात धोकादायकच.

आणि एक कॅम्प बॉस द्या, ज्याचा फोन चालू असतो. पगार एक दिवस उशिरा झाला, जेवण खराब आलं, कुणाच्या घरी कुणी वारलं, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे, नाहीतर सकाळी अख्खी गँग गेटवर बसलेली दिसेल.

१०. डीमोब, म्हणजे माणसं परत पाठवणं

याचं प्लॅनिंग मोबिलायझेशनच्याच (माणसं कामावर आणणं) दिवशी सुरू व्हायला हवं. ट्रेडप्रमाणे कोण कधी मोकळा होणार हे यार्डाकडून दर आठवड्याला घ्या. स्टीलवाले आधी सुटतात, त्यांना दुसऱ्या ब्लॉकवर किंवा दुसऱ्या यार्डात वळवता येतं का ते बघा, पण त्यांच्या सर्टिफिकेटच्या कक्षेत बसत असेल तरच.

जायच्या आधी प्रत्येकाच्या हातात पूर्ण हिशोब, राहिलेला पगार, अनुभवाचं पत्र आणि परतीचं तिकीट. टूल्स आणि हार्नेस परत घेताना यादीवर दोघांची सही, आणि वापरून झालेला हार्नेस पुढच्या माणसाला तसाच देऊ नका. जाताना पुन्हा ऐकण्याची चाचणी करता आली तर करा, सुरुवातीच्या रिपोर्टशी जुळवायला.

वेल्डरच्या सर्टिफिकेटवर सहा महिन्यांची सही यार्डाच्या वेल्डिंग इंजिनिअरकडून तो यार्डात असतानाच घ्या. माणूस गेल्यावर ती मिळत नाही, तो इंजिनिअर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. सर्टिफिकेटचा स्कॅन, केलेल्या पोझिशन आणि जाड्या, रिपेअरचा हिशोब आणि फोरमनचा शेरा, एवढं एका फाइलमध्ये नावाने लावून ठेवा, म्हणजे पुढची मागणी आली की कुणाला परत बोलवायचं ते या फाइलवरून ठरवता येतं.